आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'बाईचे श्रम आणि श्रेय' असा विषय छापलाय, आणि मी बोलणार आहे नाचाच्या गाण्यांच्या एका परदेशी अल्बमवर. मागे काहीजणी हसल्या, ते दिसलं मला. हसा. शेतमजूर बाईच्या मजुरीबद्दल आपण इथे तासन् तास बोललो आहोत. गळ्याच्या मजुरीबद्दल बोलायचं राहिलंय.

१९९० साली 'ब्लॅक बॉक्स' या इटालियन गटाचा 'ड्रीमलँड' हा पहिला अल्बम निघाला. गट म्हणजे तीन पुरुष: दानिएले दावोली, मिर्को लिमोनी आणि वालेरिओ सेम्प्लिची. स्टुडिओत यंत्रांवर संगीत जुळवणारे. व्हिडिओत आणि टीव्हीवर मात्र दिसायची कात्रिन किनोल ही फ्रेंच मॉडेल. उंच, सडपातळ. ओठ तिचे हलत होते. अल्बममधल्या बहुतेक गाण्यांत आवाज होता मार्था वॉश या अमेरिकन कृष्णवर्णीय गायिकेचा, आणि गायिका म्हणून त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

मार्था वॉश काही नवख्या नव्हत्या. आधी सिल्व्हेस्टर या गायकामागे इझोरा आर्मस्टेड यांच्यासोबत गायच्या. या दोघींच्या जोडीला नाव होतं 'टू टन्स ओ' फन', म्हणजे दोन टन मौज. बाईच्या वजनाची थट्टा तिच्या पाटीवरच! पुढे याच दोघींनी 'द वेदर गर्ल्स' म्हणून 'इट्स रेनिंग मेन' हे १९८२ चं गाणं गाजवलं. एवढा अनुभव असलेल्या बाईला एकरकमी मेहनताना देऊन गाणी गाऊन घेतली. हे नमुना ध्वनिमुद्रण आहे, असाच त्यांचा समज होता. रोजंदारी आणि कंत्राट यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. एकदा हातावर पैसे टेकवले की पीक कितीला विकलं, हे विचारायची सोय नाही.

या गटाचं त्याआधीचं, १९८९ चं 'राइड ऑन टाइम' गाणं तर सरळ उचलेगिरीच होती. ब्रिटनमध्ये ते सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यातला आवाज लोलिएटा हॉलोवे यांच्या १९८० च्या 'लव्ह सेन्सेशन' या गाण्यातून कापून घेतला होता. त्यावरही ओठ हलवले कात्रिननेच. हॉलोवे यांनी तक्रार केली, तडजोड झाली. मधल्या काळात तेच गाणं हेदर स्मॉल यांच्याकडून गाऊन घेऊन नवी आवृत्ती काढली. एका गाण्यात तीन बायका: एकीचा गळा चोरलेला, एकीचा चेहरा भाड्याने, एकीचा गळा बदली कामगार म्हणून. पुरुषांची नावं मात्र कागदावर शाबूत.

मी कात्रिनला दोष देत नाही. तिलाही कामावरच ठेवलं होतं. जाड बाई दाखवली तर माल खपणार नाही, हा हिशेब तिचा नव्हता.

मार्था वॉश यांनी कंपनीवर दावा लावला. समेट झाला, आणि त्याच कंपनीने १९९३ मध्ये त्यांच्या स्वतःच्या नावाचा अल्बम काढला. दरम्यान 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी'च्या 'गॉना मेक यू स्वेट'मध्ये पुन्हा तेच. १९९१ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आवाज वॉश यांचा, पडद्यावर झेल्मा डेव्हिस. पुन्हा दावा, १९९४ मध्ये पुन्हा समेट. गाणारी कोण आणि दिसणारी कोण, अशी पाटी त्या व्हिडिओवर घालायला लागली. मला त्या पैशांपेक्षा ही पाटी मोठी वाटते.

हे सगळं तिकडचं, असं म्हणून मोकळं होता येणार नाही. १९४९ च्या 'महल'मधल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. ते सिनेमातल्या पात्राचं नाव! गायल्या होत्या लता मंगेशकर. पार्श्वगायिकेचं नाव, तिचा पुरस्कार, तिची रॉयल्टी, यातलं काहीच आपणहून मिळालेलं नाही.

आणि आता जे सांगायचं म्हणून मी खरं तर हा विषय घेतला, ते. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या गटाने गाण्यांची कॅसेट काढली. तिच्यात जात्यावरच्या ओव्या होत्या. गावातल्या एका मावशींनी दोन दुपारी बसून त्या गायल्या, काही तिथल्या तिथे रचल्याही. आम्ही त्यांना साडी-चोळी दिली. कॅसेटवर छापलं, 'पारंपरिक. गायन: समूह.' त्याखाली संकलन म्हणून माझं नाव. त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही. 'आपण सगळ्या एकच' हे आम्ही इतक्या वेळा म्हटलं होतं.

कॅसेट द्यायला मीच गेले. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती उलटसुलट केली, पाचवीतल्या नातीच्या हातात दिली नि म्हणाल्या, "बघ गं, माझं नाव कुठं लिव्हलंय?" पोरीने दोन्ही बाजू वाचल्या. मग माझ्याकडे बघितलं.

त्या ओव्यांची पुस्तिका आता पुन्हा निघते आहे. तिच्या मुद्रिताचे कागद आज मी बरोबर आणलेत. दुपारच्या बैठकीत पहिल्या पानावरची नावं आपण सगळ्यांनी बसून लिहायची आहेत, आणि मानधनाचा आकडाही तिथेच ठरवायचा आहे.