फड्या निवडुंगाचें माहेर



निवडुंगाला आपल्या भाषेंत मानाचें स्थान कधींच मिळालें नाहीं. गुरें शेतांत शिरूं नयेत म्हणून त्याला बांधावर उभा करावयाचा, आणि एरव्हीं मुलांना त्याच्यापासून दूर राहण्याची ताकीद द्यावयाची, एवढाच त्याच्याशीं आपला संबंध. असें असतां फड्या निवडुंगाची एक जात नाहींशी होऊं नये म्हणून एखाद्या सरकारनें कायद्याचा आधार घ्यावा, याचें आपणांस नवल वाटणें साहजिक आहे. त्या जातीचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत सॅन वाकीन नांवाचें एक लांबट खोरें आहे. त्याच्या दक्षिण टोकास, बेकर्सफील्ड शहराच्या आसमंतांत, हा निवडुंग वाळूमिश्रित जमिनींत वाढतो. या टापूबाहेर त्याला दुसरें घर नाहीं. १८९६ सालीं कूल्टर या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि ट्रिलीझ या दुसऱ्या शास्त्रज्ञाचें नांव त्यास दिलें. मोहावी वाळवंटांत बीव्हर या प्राण्याच्या शेपटीसारख्या फड्यांचा एक निवडुंग आहे. त्याचाच हा सख्खा भाऊ. त्या भावाच्या अंगावर बारीक कुसळें असतात, पण लांब कांटे नसतात. याच्या अंगावर दोन्हीं असतात. वसंत ऋतूंत मात्र या कांटेरी अंगावर गडद गुलाबी फुलें उमलतात.

तेथें वर्षाकाठीं सुमारें ६ इंच पाऊस पडतो, तोहि बहुतेक हिवाळ्यांत. आपल्या पुण्यासारख्या बेताच्या पावसाच्या गांवींहि याच्या चौपट पडतो. उन्हाळा कोरडा व कडक. अशा ठिकाणीं हा जगतो कसा? ज्यांस आपण त्याचीं पानें म्हणतों, तीं वस्तुतः पानें नव्हेत; तें चपटें झालेलें खोड आहे आणि तेंच पाण्याचें कोठार आहे. खरीं पानें कोंवळ्या फड्यांवर थोडे दिवस दिसतात आणि गळून पडतात. इतर झाडें दिवसा श्वसनरंध्रें उघडीं ठेवतात व त्यांतून पाणी गमावतात. निवडुंग दिवसा रंध्रें मिटून बसतो, रात्रीच्या गारव्यांत तीं उघडतो, हवेंतील कर्बद्विप्राणिद वायु आंत घेतो आणि आम्लाच्या रूपानें सांठवतो. दुसऱ्या दिवशीं सूर्यप्रकाशांत, बंद दारांआड, त्या सांठ्यांतून तो आपलें अन्न तयार करतो. या युक्तीचा एक जुना पुरावा आपल्याच देशांतला आहे. पानफुटीचें पान सकाळीं आंबट लागतें आणि दिवस चढतो तसा तो आंबटपणा ओसरतो, असें हिंदुस्थानांत काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या शास्त्रज्ञानें चाखून पाहून कळविलें. १८१५ सालीं तें छापून आलें. पानफुटी व निवडुंग यांची रीत एकच.

निवडुंगाचा संसार एकट्याचा नसतो. जमिनींत बिळें करून एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या त्याच्या फुलांवर येतात. गळून पडलेला फडा मोकळ्या वाळूंत मूळ धरतो व त्याचेंच नवें झुडूप होतें. म्हणून त्याला नुसतीं आपल्या बुंध्यापुरती जागा पुरत नाहीं; भोंवतालची न नांगरलेली जमीनहि हवी. नेमकी तीच जमीन गेली. खोऱ्यांत कालव्यांचें पाणी आलें; शेतें, संत्र्यांच्या बागा व द्राक्षांचे मळे झाले; तेलाच्या विहिरी खोदल्या गेल्या; शहर पसरलें. ज्यांनीं हें केलें त्यांस दोष देतां येत नाहीं. त्यांना पोटें होतीं व निवडुंगाला बाजारभाव नव्हता. याशिवाय युरोपांतून आलेल्या गवतांनीं मोकळी वाळू झांकून टाकली. दाट गवतांत ओल धरून फडे कुजतात, आणि उन्हाळ्यांत तेंच गवत वणव्याचें सरपण होतें. अखेर १९९० सालीं कॅलिफोर्निया संस्थान व मध्यवर्ती सरकार या दोघांनींहि त्याची गणना नष्ट होऊं पाहणाऱ्या जातींत केली.

येथें कोणी विचारील, मग याच कुळानें आपल्याकडे रानेंच्या रानें कशीं व्यापलीं? आपला फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा. येथें आला तेव्हां त्याचे शत्रू तेथेंच राहिले. १७९५ सालीं किरमिजी रंगाच्या लोभानें ब्राझीलमधून एक किडा बंगालमध्यें आणला. रंगाच्या कामीं तो हलका ठरला, पण निवडुंगाच्या एका जातीचा त्यानें फडशा पाडला. १९२६ सालीं लंकेहून आणलेल्या दुसऱ्या किड्यानें दक्षिण हिंदुस्थानांतील दुसऱ्या एका जातीला आवर घातला. ऑस्ट्रेलियांत तर सुमारें ६ कोटी एकर जमीन निवडुंगानें ग्रासली होती. ती १९२५ सालीं अर्जेंटिनाहून नेलेल्या कॅक्टोब्लास्टिस नांवाच्या पतंगाच्या अळ्यांनीं मोकळी केली. लोकांनीं त्या पतंगाच्या स्मरणार्थ सभागृह बांधलें!

परंतु तोच पतंग १९५७ सालीं कॅरिबियन बेटांत सोडला गेला आणि १९८९ सालीं फ्लॉरिडांत आढळला. तेथें निवडुंग उपरा नव्हता, घरचा होता. आणि त्यांतील दुर्मिळ जातींवर त्या अळ्या तुटून पडल्या. मेक्सिकोंत निवडुंगाचे कोंवळे फडे रोजच्या भाजींत असतात व राष्ट्रध्वजावरहि तो आहे. २००६ सालीं तेथील एका बेटावर हा पतंग दिसतांच सरकार जागें झालें, आणि २००९ पर्यंत त्याचें तेथून उच्चाटन केलें. एका देशांतला उपकारकर्ता दुसऱ्या देशांत घातकी ठरला. बदलली ती केवळ जागा.

बेकर्सफील्डच्या निवडुंगासाठीं आतां सँड रिज नांवाचें वाळूचें टेकाड राखून ठेवलेलें आहे, आणि बांधकामाच्या वाटेंत येणारीं झुडपें उचलून अन्यत्र लावण्याचे प्रयोग झाले आहेत. फडा लावला कीं तो बहुधा जगतो, ही त्यांतील सोय. पण मोकळी वाळू, जमिनींतल्या मधमाश्या आणि विरळ गवत हीं फड्याबरोबर टोपलींत घालून नेतां येत नाहींत. सरकारी दप्तरांत अशा जमिनीला 'पडीक' म्हणण्याची चाल सर्वत्र आहे, आपल्याकडेहि आहे. तो शब्द लिहिण्यापूर्वीं त्या जमिनीवर कोण राहतें, एवढी चौकशी झाली तरी पुष्कळ झालें.