गाडी घेताना
(गणेशोत्सवातील संध्याकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'व्याख्यान' असा मोठा शब्द छापला आहे. पण आरतीनंतर आणि जेवणाआधी उभ्या राहिलेल्या माणसाने व्याख्यान देऊ नये, एवढं मला कळतं. तेव्हा थोडक्यात बोलतो.

पुण्यात 'गाडी आणलीस का?' असं विचारलं की दुचाकीच अभिप्रेत असते. दिल्लीत आल्यावर मी कचेरीत सांगितलं, 'गाडी घेतली', तर सहकाऱ्यांनी पेढे मागितले आणि खाली बघायला आले. स्कूटर पाहून त्यांचे चेहरे पडले. इथे गाडी म्हणजे चारचाकी! पण आपण आज आपल्या अर्थानेच गाडी म्हणू. साक्षात गणरायानेही लहान, कमी खर्चाचं आणि गल्लीबोळातून निघणारं वाहन निवडलं आहे.

दरवर्षी उत्सवात दोन-चार नवी मुलं भेटतात. कोणी नाशिकहून, कोणी नांदेडहून, नोकरी नोएडात किंवा गुडगावात. तिसऱ्या दिवशी प्रश्न येतो, 'काका, बजेट कमी आहे, कुठली गाडी घेऊ?' माझं उत्तर असं की गाडीचं नाव शेवटी ठरवायचं. आधी चार प्रश्न स्वतःला विचारायचे.

पहिला प्रश्न : रोज किती आणि कुठून जाणार? लक्ष्मीनगरहून नोएडाला जाणं वेगळं आणि जनकपुरीहून मानेसरला जाणं वेगळं. घर आणि कचेरी दोन्ही मेट्रोच्या जवळ असतील तर गाडी फक्त स्टेशनपर्यंत लागते. मग झंडेवालानच्या बाजारातली एक साधी सायकलही पुरते. दिल्ली-मेरठ एक्स्प्रेसवेच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकीला बंदी आहे, बाजूच्या रस्त्याने जावं लागतं, हेही आधी पाहून ठेवा. शिवाय नोव्हेंबरात धूर उतरला की रोज दोन तास उघड्यावर गाडी चालवणं छातीला परवडत नाही. ते काही आठवडे मेट्रो, असं घरात आधीच ठरवून टाका.

दुसरा प्रश्न : महिन्याचा खर्च किती? आपण सगळे ॲव्हरेज विचारतो, पण गुणाकार करत नाही. समजा, जाऊन-येऊन ४० किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस, म्हणजे १,००० किलोमीटर. हिशोबाला सोपं म्हणून पेट्रोल ९५ रुपये धरू. लिटरला ६० देणारी शंभर सीसीची गाडी महिन्याला सुमारे १,६०० रुपयांचं पेट्रोल पिते. ४५ देणारी स्कूटर २,१०० रुपयांचं. ३५ देणारी दोनशे सीसीची देखणी गाडी २,७०० रुपयांचं. पहिल्या आणि तिसऱ्या गाडीत महिन्याला अकराशेचा फरक पडतो. पाच वर्षांत तो ६५ हजारांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ आणखी एक साधी गाडी! कंपनीच्या जाहिरातीतला आकडा मात्र या हिशोबात घालू नका. त्यातून आयटीओचे सिग्नल वजा करायचे असतात. आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्याची ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेजही थोडं उतरतं.

तिसरा प्रश्न : मागे कोण बसणार? एकटा मुलगा आज एकटा असतो, दोन वर्षांनी डबलसीट होतो. म्हणून ट्रायल घेताना शोरूमच्या मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून परत येऊ नका. मागे कोणाला तरी बसवा, गर्दीत घाला, यू-टर्न घ्या, दोन्ही पाय जमिनीला टेकतात का बघा. मागे बसणारीला धरायला कडी, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि साडी-ओढणी चाकात जाऊ नये म्हणून जाळी, या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या नियम १२३ प्रमाणे सक्तीच्या आहेत. काही जण गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून जाळी काढून ठेवतात. दिसण्यापायी असा धोका कोणी घेऊ नये.

चौथा प्रश्न : रात्री गाडी कुठे उभी राहणार? डीडीएच्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि खाली प्लग नसेल, तर इलेक्ट्रिक स्कूटर कितीही स्वस्तात चालो, तुम्हाला ती डोकेदुखी होईल. खाली स्वतःचं पार्किंग आणि प्लग असेल आणि रोजचं अंतर ठरलेलं असेल, तर मात्र जरूर विचार करा. आणि गाडी कुठेही उभी असो, चांगलं कुलूप हवंच. दिल्लीत गाड्या चोरीला जातात, त्यामुळे फक्त थर्ड पार्टी विम्यावर थांबू नका, चोरीचा विमाही घ्या.

आता गाड्यांकडे वळतो. गंमत अशी की आपण दुचाकींच्या माहेरघरातच राहतो. हीरो होंडाची सीडी १०० ही गाडी १९८५ मध्ये धारूहेड्याच्या कारखान्यातून निघाली. मानेसरला होंडाचा कारखाना आहे, सूरजपूरला यामाहाचा. आणि बजाजची आकुर्डी नि चाकण तर आपलीच. कमी बजेटमध्ये व्यवहाराच्या गाड्या म्हणजे शंभर ते सव्वाशे सीसीच्या. १९९४ पासून चालत आलेली स्प्लेंडर, २०२३ मध्ये आलेली शाइन १००, बजाजची प्लॅटिना. रोज तीस-चाळीस किलोमीटर जाणाऱ्या एकट्या माणसाला शंभर सीसी पुरते. रोज डबलसीट असेल किंवा गुडगावचे उड्डाणपूल असतील, तर सव्वाशे सीसी घ्या. घरातली तिघं-चौघं आळीपाळीने चालवणार असतील तर गिअर नसलेली स्कूटर सोयीची. भाजीची पिशवी पायाशी राहते.

बजाजने जुलै २०२४ मध्ये सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ आणली. जगातली पहिली सीएनजी मोटरसायकल म्हणून तिचं कौतुक झालं. दोन किलो सीएनजी आणि दोन लिटर पेट्रोल अशी तिची सोय आहे. इथे सीएनजीचे पंप भरपूर, म्हणून ती विचारात घ्यायला हरकत नाही. पण आपल्या वाटेवरच्या पंपावर सकाळी नऊ वाजता एकदा उभे राहून या. रिक्षांची रांग पाहिल्यावर निर्णय आपोआप होईल.

ब्रेकबद्दल एकच सांगतो. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएस असेल तर जोरात ब्रेक दाबूनही चाक अडकून घसरत नाही. पाच-सात हजार शिल्लक असतील तर ते स्टिकर आणि क्रॅशगार्डवर घालवू नका. पुढे डिस्क ब्रेक आणि ट्यूबलेस टायर असलेलं मॉडेल घ्या.

पैशाचं बघू. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट झाली. पण शोरूमची किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यात अंतर असतंच. रोड टॅक्स, नोंदणी, विमा यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. 'हँडलिंग' नावाचा आकडा दिसला तर तो कशाचा, असं शांतपणे विचारा. विमा शोरूमकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. कर्ज घेताना व्याज 'फ्लॅट' आहे की घटत्या शिलकीवर, हे विचारा. ८० हजारांवर १० टक्के फ्लॅट दराने तीन वर्षांचं व्याज होतं २४ हजार. तोच १० टक्के घटत्या शिलकीवर असेल तर सुमारे १३ हजार.

नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. पण थर्ड पार्टी विमा म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा. तुमचं स्वतःचं काही बरंवाईट झालं तर त्यातून घरच्यांना काही मिळत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा वेगळा असतो. तो आहे का आणि त्यात नॉमिनीचं नाव घातलं आहे का, हे आज घरी गेल्यावर बघा. अनेकांच्या कागदावर ती जागा कोरी असते.

आपल्यासारख्यांची आणखी एक अडचण म्हणजे बदली. एनसीआर म्हणायला एक, पण त्यात दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश अशी वेगवेगळी राज्यं. रोड टॅक्स वेगळा, आरटीओ वेगळं. महाराष्ट्रातून आणलेली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली की नव्याने नोंदवावी लागते. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल, किंवा चार अथवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपनीत असाल, तर २०२१ पासून सुरू झालेली 'बीएच' मालिकेची नंबरप्लेट मिळते. बदलीच्या माणसाला ती फार उपयोगी.

जुनी गाडी घ्यायची असेल तर दिल्लीत पंधरा वर्षांची मर्यादा लक्षात ठेवा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या गाड्यांवरची बंदी कायम केली, पुढे २०२५ मध्ये त्या अंमलबजावणीत फेरबदल झाले. नियमांच्या या ओढाताणीत आपण सापडू नये, म्हणून पाच वर्षांपेक्षा जुनी गाडी घेऊच नका. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी बघा. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडून बघा, आणि कर्ज फिटल्याची नोंद झाली आहे का, ते बघा.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर बोलायला उभा राहिलो, ती सांगतो. आपण सगळे गाडी घेताना काळजी घेतो, पण विकताना घेत नाही.

माझी जुनी स्कूटर मी एका दलालाला विकली. बारा हजार रोख मिळाले. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्याच सह्या करून दिल्या. 'नाव आम्ही बदलून घेऊ, साहेब,' असं तो म्हणाला. मी पैसे मोजले आणि विसरलो. दोन वर्षांनी मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस घरी आली. कोणा तिसऱ्याच मुलाने ती स्कूटर एका भाजीवाल्याच्या अंगावर घातली होती. त्याचा पाय मोडला होता. गाडीचा विमा संपलेला आणि आरसीवर नाव माझं!

मी वकिलाला म्हटलं, 'अहो, गाडी माझी नाहीच.' ते म्हणाले, 'कागदावर तुमचीच आहे.' सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधल्या निकालात हेच सांगितलं आहे. गाडी चार हात फिरली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, तो मालक, आणि भरपाई त्याने द्यायची. दोन वर्षं तारखांना गेलो. शेवटी जी रक्कम भरावी लागली, ती आम्ही मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशातून भरली. त्या रात्री बायको काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण शेवटच्या तारखेला तो भाजीवाला कुबड्या घेऊन बाकावर बसलेला दिसला. त्याला त्या पोराचं नाव माहीत नव्हतं, दलालाचंही नाही. त्याच्या हातातल्या कागदावर एकच नाव होतं, माझं. ते नसतं तर त्या माणसाने दाद कोणाकडे मागितली असती? कायदा असा का आहे, ते मला त्या बाकाकडे बघून समजलं. चूक माझीच होती. कोऱ्या कागदावर सही मी केली होती.

म्हणून सांगतो. गाडी विकली की त्याच राज्यातला व्यवहार असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवा. दिल्लीची गाडी नोएडाला जाणार असेल तर एनओसी घ्या. घेणाऱ्याचं ओळखपत्र, तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्या. आणि आरसीवर नवं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत व्यवहार झाला असं समजू नका.

शेवटचा मुद्दा हेल्मेटचा. बजेट करताना दोन हेल्मेट गाडीच्याच किमतीत धरा. आयएसआय शिक्क्याची, आणि पट्टा नीट लागणारी. २०१४ पर्यंत दिल्लीत मागे बसणाऱ्या बायकांना हेल्मेटची सक्ती नव्हती. नवऱ्याच्या डोक्याला हेल्मेट आणि बायकोच्या डोक्याला गजरा, असं दृश्य आपल्याच मंडळात मी पाहिलं आहे. आता चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागतं. दंड हजार रुपयांचा आहे, पण दंडासाठी ते घालू नका. आज मंडपाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवर किती हेल्मेट आहेत, ते मी येताना मोजलं. आकडा सांगत नाही. जाताना तुम्हीच मोजा.

सगळे सुखरूप घरी पोहोचा, आणि पुढच्या वर्षी सगळे पुन्हा भेटू या.

गणपती बाप्पा मोरया!