यांत्रिक कॅमेरा आणि आपला मुलूख



स्मृतिव्याख्यानाला कॅमेऱ्यासारखा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु स्मृती हा शब्द या व्याख्यानमालेच्या नावातच आहे, आणि गेल्या शंभर वर्षांत सामान्य माणसाची स्मृती जपण्याचे काम कॅमेऱ्याइतके दुसऱ्या कोणत्या साधनाने केले असेल असे मला वाटत नाही. मात्र मी बोलणार आहे तो आपल्या खिशातल्या मोबाइलविषयी नव्हे. फिल्मवर चालणारा, हाताने फोकस करायचा, खटका ओढून रीळ पुढे सरकवायचा, बाजारात ज्याला ‘एसएलआर’ म्हणत आणि आजही म्हणतात, त्या जुन्या कॅमेऱ्याविषयी.

त्याचे मर्म एका लहानशा आरशात आहे. भिंगातून आलेला प्रकाश तिरप्या बसवलेल्या या आरशावर पडतो, वरच्या दुधी काचेवर प्रतिमा उमटते आणि पंचकोनी लोलकातून ती सुलट होऊन डोळ्यापर्यंत येते. म्हणजे फिल्मला जे दिसणार, तेच आपल्याला दिसते. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात तयार झालेल्या ‘किने एक्झाक्टा’ने १९३६ मध्ये ३५ मिलिमीटर फिल्मसाठी ही रचना आणली, तीत मान खाली घालून वरून पाहावे लागे. १९४९ च्या ‘कॉन्टॅक्स एस’मध्ये लोलक आला. १९५४ मध्ये जपानच्या असाहीफ्लेक्सने फोटो निघताच आरसा आपोआप खाली आणण्याची सोय केली. त्याच कंपनीचा पुढचा ‘पेंटॅक्स के-१०००’ १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत राहिला. शिकणाऱ्याला मी आजही तोच सुचवीन. त्यातली बॅटरी केवळ प्रकाशमापकाची सुई हलवते. ती संपली तरी शटर चालते.

या आरशाची एक गोष्ट मला विलक्षण वाटते. बटण दाबताच तो वर उचलला जातो आणि त्या निमिषापुरता डोळ्यापुढे अंधार होतो. फिल्मवर जो क्षण उमटतो, नेमका तोच क्षण छायाचित्रकाराने पाहिलेला नसतो! त्याला तो आधी ओळखावा लागतो. शिवाय रिळात चित्रे ३६. फोटो कसा आला हे रीळ धुतल्यावरच कळणार. ही गैरसोय आहे, यात शंका नाही. पण याच गैरसोयीने माणसाला बघायला लावले.

आता उजेडाचे गणित. लख्ख उन्हात, १०० वेगाची फिल्म असेल तर भिंगाचे छिद्र १६ वर आणि शटर एका सेकंदाच्या १२५ व्या भागावर ठेवावे. प्रकाशमापकाची गरज नाही. छिद्राचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान, हे मात्र पक्के लक्षात असू द्या. प्रकाशमापक मदतीला असला तरी त्याची एक खोड आहे. समोरचे सारे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे तो धरून चालतो. सौसरकडे कापसाच्या ढिगाचा फोटो सुईच्या सांगण्यावरून काढला, तर कापूस मळकट दिसतो. पोळ्याला सजवलेल्या पांढऱ्या बैलाचे तेच. अशा वेळी दीड-दोन टप्पे अधिक उजेड द्यायचा. काळ्या म्हशीला किंवा ओल्या काळ्या मातीला उलट, थोडा कमी. संत्र्याच्या बागेत गर्द पाने आणि पांढरा बहर एकाच चौकटीत येतो. तिथे उन्हात धरलेल्या आपल्या तळहातावर सुई जुळवावी आणि त्याहून एक टप्पा जास्त उजेड द्यावा. आपल्या मातीत शेतकऱ्याचे डोळे हा हिशेब रोज करतात. आपण त्याला आकडे दिले एवढेच.

पांढुर्ण्यात कॅमेऱ्याविषयी बोलायचे आणि गोटमारीविषयी बोलायचे नाही, हे अप्रामाणिकपणाचे होईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा, आणि एका काठावर पांढुर्णा तर दुसऱ्या काठावर सावरगाव. दगड सेकंदाला २० मीटर वेगाने येत असेल, तर सेकंदाच्या ६० व्या भागात तो ३३ सेंटिमीटर सरकतो आणि चित्रात नुसती रेघ उमटते; ५०० व्या भागात चारच सेंटिमीटर. म्हणजे दगड हवेत थांबवता येतो. थांबवावा का, हा प्रश्न यंत्राचा नाही. या खेळात माणसे दगावली आहेत, कित्येकांना कायमचे अपंगत्व आले आहे. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयोगही प्रशासनाने करून पाहिला, तो रुजला नाही. बाहेरच्या वृत्तपत्रांत बहुधा उडणारा दगड आणि रक्ताळलेले डोके दिसते. मला वाटते, इथल्या मुलाने इतर चित्रे काढावीत. सकाळी झाड रोवणारे हात, काठावर जीव मुठीत धरून उभी असलेली आई, संध्याकाळी चंडीमातेच्या देवळाकडे निघालेली मंडळी, आणि दुसऱ्या दिवशीचे दगडांनी भरलेले ओसाड पात्र. ही चित्रे बघून गावच आपल्या परंपरेविषयी काही ठरवू शकेल. आणि एक व्यावहारिक गोष्ट : एक डोळा मिटून कॅमेऱ्यात बघणाऱ्याला बाजूने येणारा दगड दिसत नाही. १३५ मिलिमीटरचे भिंग लावा आणि माऱ्याच्या बाहेर उभे राहा.

शेवटची गोष्ट अधिक निकडीची. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. मराठी इतिहासकार आपल्यापर्यंत क्वचित पोहोचले, भोपाळलाही आपण दूरच. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, पण जिल्ह्याला दप्तर मिळते तशी आठवण मिळत नाही. सौसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा ही अडीच फुटी रुळांची गाडी २०१५ मध्ये थांबली. ती आता कुणाच्या तरी निगेटिव्हमध्येच धावते. जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर अशी खोकी पडून आहेत आणि ती भंगारात जाण्याची भीती खरी आहे. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. आपल्या पावसाळी दमटपणात त्यावर बुरशी वाढते आणि चेहरे खाऊन टाकते. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदी असते, ती नीट ठेवल्यास शंभर वर्षे टिकते. रंगीत फिल्ममधले रंग त्याआधीच उडू लागतात. म्हणून रंगीत निगेटिव्ह आधी स्कॅन करावीत.

विद्यार्थ्यांनी या सुट्टीत एवढे करावे. आपल्या आळीतले एक खोके मालकाच्या परवानगीने उघडावे. पट्ट्या कडेला धरून, सुती हातमोजे घालून कागदी पाकिटांत ठेवाव्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. आजी-आजोबांना चित्रे दाखवून नावे, गाव, साल विचारावे आणि ते पट्टी आत घालण्यापूर्वीच पाकिटावर पेन्सिलीने लिहावे. शाईचा डाग दमट हवेत आतपर्यंत उतरतो.