काचेला फोटो टेकू देऊ नका

मी तुमची सहयोगिनी बोलतेय. आज हप्ता, पासबुक, ठराव सगळं बाजूला ठेवूया. आज घरातल्या फोटोंबद्दल बोलायचंय.

माझ्या आजीचा एकच फोटो होता. जत्रेत काढलेला, काळा-पांढरा. डोक्यावर पदर आणि कडेवर माझी आई. वडिलांनी तो बाजारच्या गावाहून फ्रेम करून आणला. काच, काचेला लागून फोटो आणि मागं पुठ्ठा, एवढंच. दरवर्षी पावसाळ्यात त्या भिंतीला ओल यायची. एका दिवाळीच्या साफसफाईत मी फ्रेम उघडली, तर फोटो काचेला चिकटलेला. मी हळूच ओढला. आजीचा चेहरा काचेवरच राहिला आणि माझ्या हातात पांढरा कागद आला. आई काही बोलली नाही. ती काच तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलीय.

असं का होतं? जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. चित्र त्या थरातच असतं. ओल लागली की तो मऊ होऊन काचेला चिकटतो आणि वाळला की सोडत नाही. म्हणून फोटो आणि काच यांच्यामध्ये खिडकी कापलेला जाड पुठ्ठा घालतात. त्याला माउंट म्हणतात. माउंटने फोटो छान दिसतो हे खरंच, पण त्याचं मोठं काम म्हणजे काच लांब ठेवणं. हे आपल्याला घरी जमतं.

आधी एक सांगते. जुना, एकुलता एक फोटो फ्रेममध्ये घालूच नका. उंबऱ्याजवळ सावलीत उजेड असतो, तिथं तो सपाट ठेवा. मोबाईल बरोबर वर धरा, फ्लॅश बंद करा आणि फोटो काढा. त्याची प्रत छापून आणा. प्रत भिंतीवर लावायची आणि मूळ फोटो कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवायचा. ज्यांचा फोटो आधीच काचेला चिकटलाय त्यांनी तो ओढू नका, पाण्यातही घालू नका. काचेवरूनच मोबाईलनं टिपून घ्या.

आता कागद-पेन्सिल घ्या, मापं सांगते. फोटो ५ बाय ७ इंचाचा आणि फ्रेम ८ बाय १० इंचाची धरूया. माउंट बोर्ड ८ बाय १० चा कापा. साधा पुठ्ठा वापरू नका. त्यातल्या आम्लानं फोटो पिवळा पडतो, जुनं वर्तमानपत्र पडतं तसा. दुकानात आम्ल नसलेला, म्हणजे ॲसिड-फ्री बोर्ड मागा.

खिडकी फोटोपेक्षा लहान हवी, नाहीतर फोटो आरपार निघेल. ती साडेचार बाय साडेसहा इंचाची ठेवा. डावी-उजवीकडे पावणेदोन-पावणेदोन इंच सोडा, वर दीड आणि खाली दोन. खाली जरा जास्त सोडलं की फोटो घसरल्यासारखा दिसत नाही. रेघा बोर्डाच्या मागच्या बाजूनं मारा. कटरला नवं पातं घाला, लोखंडी पट्टी घट्ट धरा आणि बोटं पट्टीच्या कडेपासून आत ठेवा. एका दमात कापू नका, हलक्या हातानं दोन-तीनदा पातं फिरवा. कोपरा सुटला नाही तर ओढायचा नाही, पुन्हा पात्यानंच सोडवायचा. पहिली खिडकी रद्दी पुठ्ठ्यावर कापून बघा. माझी पहिली वाकडीच झाली होती.

मग फोटो बसवायचा. पाठीला सगळीकडं फेविकॉल लावू नका, फोटोला सुरकुत्या पडतात. सेलोटेपही नको, तिचे डाग पडतात. ॲसिड-फ्री बोर्डाचाच दुसरा ८ बाय १० चा तुकडा मागं घ्या. पातळ पांढऱ्या कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या करा. त्यांचा अर्धा भाग फोटोच्या पाठीला वरच्या कडेशी आणि अर्धा मागच्या बोर्डाला, अगदी थोड्या घट्ट खळीनं चिकटवा. खळ पुरती वाळू द्या. फोटो दोरीवरच्या कपड्यासारखा वरून टांगलेला आणि खाली मोकळा राहिला पाहिजे. हवेतल्या ओलाव्यानं कागद फुगतो, आकसतो. त्याला तेवढी जागा हवी.

वर माउंट ठेवा, काच दोन्ही बाजूंनी पुसून पूर्ण कोरडी करा आणि फ्रेम बंद करा. मागची फट कागदी टेपनं बुजवा, म्हणजे धूळ आणि कसर आत जात नाही. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना जुनी बटणं चिकटवा, म्हणजे भिंतीपासून हवा खेळती राहील. ओल येणारी, चुलीजवळची किंवा थेट ऊन पडणारी भिंत टाळा.

शेवटी एक विचारते. आपल्या भिंतीवर आजोबा-पणजोबा हार घालून असतात. आजी कुठं आहे? लग्नातल्या घोळक्यात मागं उभी असेल, नाहीतर एखाद्या जुन्या कार्डावर असेल. तिला शोधा आणि ओल लागायच्या आत मोबाईलवर घ्या. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या एका बाईचा फोटो आणावा. कटर आणि बोर्ड मी आणते.