मच्छरदाणीला चार टाके



रोवणी लागली की सुईदोऱ्याला हात लावायला कोणालाच फुरसत नसते. म्हणून आजच सांगते. घरातली मच्छरदाणी काढा, अंगणात उजेडासमोर ताणून धरा आणि भोकं शोधा. खालचा काठ नीट बघा. बाजेखाली खोचून खोचून जाळी तिथंच आधी फाटते.

आपला गडचिरोली हा राज्यात हिवतापाचे पुष्कळ रुग्ण आढळणारा जिल्हा. हिवतापाचा डास चावतो तो अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत. सरकारी मच्छरदाणीच्या धाग्यात कीटकनाशक असतं हे खरं, पण त्या भरवशावर भोकं तशीच ठेवू नयेत. बोटभर भोकातूनही डास सहज आत शिरतो.

शिवण येत नाही म्हणू नका. पळसाच्या पानांना काडी टोचून पत्रावळ लावणारे हात आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांना सुई जड नाही.

बारीक सुई घ्या. दोरा हातभरच तोडा, लांब दोऱ्याचा गुंता होतो. दोरा ओवून दुहेरी करा. आता एक महत्त्वाचं: कापडाला मारतो तशी नुसती गाठ इथं चालत नाही, ती जाळीच्या डोळ्यातून सटकते. भोकापासून बोटभर अंतरावर, जिथं जाळी धड आहे तिथं, एकाच जागी दोन-तीन वेढे घ्या आणि मग गाठ मारा.

भोक लहान असेल तर त्याच्या भोवती गोल धावदोरा घाला, म्हणजे सुई एकदा वर, एकदा खाली. मग बटव्याचं तोंड आवळावं तसा दोरा हलकेच ओढा आणि पुन्हा वेढे घेऊन गाठ मारा. जोरात ओढाल तर शेजारची जाळी उसवेल. लांब चीर असेल तर दोन्ही काठ जुळवून वरून वेढ्याचे टाके जवळजवळ घालत जा. हातभर फाटलं असेल तर जुन्या मच्छरदाणीचं ठिगळ लावा. ते भोकापेक्षा चहूबाजूंनी दोन बोटं मोठं कापा. खालच्या काठाला जुन्या लुगड्याची पट्टी जोडली तर जाळी पुष्कळ टिकते. कोपऱ्याचे बंद तुटले असतील तर तिथं धावदोरा पुरत नाही, कापडाचा तुकडा ठेवून उलटी टीप घाला. तिथं सगळा ताण येतो.

हे काम बायकांनीच करावं, हे मला मुळीच पटत नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात मुक्काम करणाऱ्या, धानाच्या राखणीला रात्री शेतावर झोपणाऱ्या गड्याची मच्छरदाणी तिथं कोण शिवून देणार? पिशवीत सुई आणि दोऱ्याचं रीळ त्यानंच ठेवावं. शाळेतल्या पोरापोरींनाही एवढे टाके शिकवा.

मच्छरदाणी धुतली तर साध्या साबणानं, थंड पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. आणि एवढं करूनही घरात कोणाला थंडी वाजून ताप आलाच, तर वाट बघू नका. त्याच दिवशी आशाताईंकडून रक्त तपासून घ्या.