सॉक्रेटिस आणि संघटनेतील लोकशाही

(कार्यकर्ता शिबिरात दिलेल्या भाषणाचा संक्षेप)

राजकीय शिबिरात एका फुटबॉलपटूविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. खेळ म्हणजे जनतेला मूळ प्रश्नांचा विसर पाडणारे साधन, असे आपण पुष्कळदा म्हणतो. ते सर्वस्वी खोटे नाही. ब्राझीलने १९७० मध्ये विश्वचषक जिंकला, तेव्हा जनरल मेदिसी यांच्या लष्करी राजवटीने त्या विजयाचा स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी पुरेपूर उपयोग करून घेतला. परंतु त्याच देशात, त्याच मैदानावर, एका तपानंतर लोकशाहीची एक शाळा उभी राहिली. सॉक्रेटिस हा तिचा अग्रणी.

त्याचा जन्म १९ फेब्रुवारी १९५४ रोजी बेलें येथे झाला. वडील स्वप्रयत्नाने शिकलेले, तत्त्वज्ञानाचे भोक्ते. मुलाचे नाव त्यांनी त्या ग्रीक विचारवंतावरून ठेवले. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा आपल्या संग्रहातील पुस्तके त्यांनी भीतीपोटी जाळली. दहा वर्षांच्या मुलाने ते पाहिले. १९७५ ची आणीबाणी ज्यांनी अनुभवली, त्यांना त्या आगीचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको.

रिबेरांव प्रेतो येथे वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेत असतानाच तो तेथील बोताफोगो संघातून खेळू लागला. पदवी मिळवून १९७८ मध्ये तो साओ पावलोच्या कोरिंथियन्स संघात आला. हा संघ १९१० मध्ये श्रमिकांनी स्थापन केलेला. सव्वासहा फुटांहून उंच, काहीसा संथ असा हा मध्यफळीतील खेळाडू धावण्यापेक्षा विचाराने खेळे. टाचेने मागे ढकललेला त्याचा चेंडू नेमका सहकाऱ्यापाशी पोहोचे.

त्या काळी ब्राझीलमधील खेळाडूची अवस्था वेठबिगाराहून फार वेगळी नव्हती. करार संपला तरी त्याच्या नोंदणीवर क्लबचीच मालकी राही. क्लबच्या संमतीवाचून त्याला अन्यत्र जाता येत नसे. सामन्यापूर्वी खेळाडूंना, विवाहितांनासुद्धा, कोंडून ठेवण्याची प्रथा होती. १९८२ च्या सुमारास आदिल्सोन मोन्तेइरो आल्विस हे समाजशास्त्राचे अभ्यासक फुटबॉल विभागाचे संचालक झाले. त्यांनी खेळाडूंना त्यांचे मत विचारले. सॉक्रेटिस, व्लादिमिर, कासाग्रांदे यांनी या संधीचे सोने केले. सरावाची वेळ, प्रवासाची व्यवस्था, नव्या खेळाडूची निवड, हे सारे मतदानाने ठरू लागले. संचालकाला एक मत, संघाच्या साहित्याची देखभाल करणाऱ्या नोकरालाही एकच मत. गोलरक्षक लेआंव यांना ही पद्धत मुळीच रुचली नाही. तरीही ते संघात राहिले आणि खेळले. मतभेद असलेल्याला सामावून घेता आले, ही त्या व्यवस्थेची खरी कसोटी होती.

स्वातंत्र्याने शिस्त बिघडते, असे म्हणणाऱ्यांना उत्तर निकालांनी दिले. १९८२ व १९८३ अशी सलग दोन वर्षे संघाने साओ पावलो राज्याचे अजिंक्यपद मिळवले. १५ नोव्हेंबर १९८२ च्या निवडणुकीपूर्वी खेळाडूंच्या सदऱ्यांवर त्या दिवशी मतदान करण्याचे आवाहन छापलेले होते. हुकूमशाहीत जगणाऱ्या लक्षावधी प्रेक्षकांपर्यंत ते पोहोचले.

एप्रिल १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक व्हावी म्हणून प्रचंड आंदोलन झाले. घटनादुरुस्ती मंजूर झाल्यास आपण इटलीला जाणार नाही, असे सॉक्रेटिसने जाहीर सभेत सांगितले. २५ एप्रिल रोजी कनिष्ठ सभागृहात ३२० मतांची आवश्यकता असताना २९८ मते पडली. तो फिओरेन्तिनाकडे गेला. पुढील वर्षी क्लबची सूत्रे विरोधी गटाकडे गेली आणि हा प्रयोग संपला. ब्राझीलच्या जनतेला थेट निवडणुकीसाठी १९८९ पर्यंत वाट पाहावी लागली.

मी कोणाची मूर्ती उभी करू इच्छीत नाही. त्याच्या नेतृत्वाखालील १९८२ चा देखणा संघ इटलीकडून ३-२ असा हरला. १९८६ मध्ये फ्रान्सविरुद्ध त्याचीच पेनल्टी हुकली. स्वतः डॉक्टर असून मद्यपानाने त्याचा देह पोखरला आणि ४ डिसेंबर २०११ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, तो गेला. त्याच दिवशी कोरिंथियन्स राष्ट्रीय विजेते ठरले. सामन्यापूर्वी खेळाडूंनी त्याच्याप्रमाणे उजवी मूठ उंचावून त्याला मानवंदना दिली.

त्या प्रयोगाची मर्यादाही आपण ओळखली पाहिजे. वरच्या पदाधिकाऱ्यांच्या सदिच्छेवर तो उभा होता. ते जाताच लोकशाहीही गेली. नियमांत, घटनेत आणि सभासदांच्या सवयीत जी मुरत नाही, ती लोकशाही देणगी असते, हक्क नव्हे.

म्हणून, साथींनो, देशातील लोकशाहीच्या ऱ्हासाविषयी ठराव करण्यापूर्वी आपण आपल्या शाखेकडे पाहू. उमेदवार कोण ठरवतो? बैठकीची वेळ मोलमजुरी करणाऱ्या भगिनीला सोयीची असते काय? सतरंज्या अंथरणाऱ्या कार्यकर्त्याचे मत अध्यक्षांच्या मताइतकेच मोजले जाते काय? आजच्या गटचर्चेत या तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे लिहून काढावीत, एवढीच माझी विनंती आहे.