तक्रार आणि पत



व्यापाराचे भांडवल दोन प्रकारचे असते. एक तिजोरीत असते. त्याचा हिशेब वहीत लिहिता येतो. दुसरे गिऱ्हाइकाच्या मनात असते. त्याला पत म्हणतात. पहिले कर्ज काढूनही उभे करता येते, दुसऱ्याला उसनवारी चालत नाही. ही पत स्तुतीने वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती तक्रारीला दिलेल्या उत्तराने वाढते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानाने उद्योगास प्रारंभ करणाऱ्या या गृहस्थांनी पुढे लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची धारणा होती. धारणा चुकीची होती. परंतु तिच्यामागील भीती खोटी नव्हती. नांगर फसला तर कारखानदाराचा एक नग जातो, शेतकऱ्याचा सबंध हंगाम जातो. अशा माणसाला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे; त्याची शंका फिटेपर्यंत धीर धरणे कठीण. तो धीर धरला गेला, म्हणून १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर घरोघर पोहोचला. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले; कारखान्याची व मालाची वार्ता त्यातून लोकांपर्यंत जाऊ लागली. माल विकला म्हणजे संबंध संपला, असे मानणारा कारखानदार असा खटाटोप करीत नाही.

रायपूर हे तांदळाचे आणि लोखंडाचे गाव. गोलबाजारातील दुकानदाराकडे एखादी गृहिणी येऊन म्हणते, ‘भात चिकट झाला.’ दुकानदार पोते बदलून देतो व प्रकरण मिटले असे समजतो. परंतु नवा तांदूळ चिकटच शिजतो, जुना मोकळा होतो. दोष तांदळात नसून तो नवा की जुना हे न सांगण्यात होता. पोत्यावर तेवढे लिहिले, तर पुढच्या शंभर तक्रारी जन्मालाच येत नाहीत. उरला किंवा सिलतरा येथील कारखान्याची सळई वाकवताना तडकली, तर ती कोणत्या घाण्यातली हे नोंदीवरून सांगता आले पाहिजे; नाहीतर चौकशीला आधारच राहत नाही.

म्हणून तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्यावी, कारण शोधावे, भरपाई करावी, आणि काय केले ते त्याला कळवावे. हे शेवटचे बहुधा राहून जाते. तक्रार अवाजवी असेल तर नकारही द्यावा, पण कारणासह. तक्रार मालकापर्यंत पोहोचवणाऱ्या नोकरावर कधी रागावू नये. अन्यथा पुढची तक्रार गल्ल्यापाशीच अडते. उधारीच्या गिऱ्हाइकाला तर आवर्जून विचारावे. देणे असल्यामुळे तो तोंडावर बोलत नाही. देणे फिटले की दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो.

गिऱ्हाइकाचे न ऐकण्याची मुभाही आता राहिलेली नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. विकत घेतलेल्या स्तुतीचाही प्रश्न उभा राहिला. इंटरनेटवरील ग्राहकांचे अभिप्राय कसे गोळा करावेत व कसे प्रसिद्ध करावेत, यासाठी भारतीय मानक ब्यूरोला २०२२ साली स्वतंत्र मानक ठरवावे लागले.

कायदा नुकसानभरपाई देववू शकतो; विश्वास देववू शकत नाही. रागावून परत आलेल्या गिऱ्हाइकाने आपल्याला आणखी एक संधी दिलेली असते. न बोलता निघून गेलेला तीही देत नाही, आणि त्याची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही.